देनी दिदरो : ज्ञानकोशातले दुवे जोडणारा संपादक



आपल्या मराठी विश्वकोशातली कुठलीही मोठी नोंद वाचा. शेवटी बऱ्याचदा ‘पहा’ असा शब्द दिसतो आणि त्यापुढे दुसऱ्या एक-दोन नोंदींची नावे असतात. पाठ्यपुस्तकात ‘आकृती पहा’, ‘मागील पाठ पहा’ असे लिहिलेले असते. संगणकावर हेच काम निळ्या अक्षरातली लिंक करते. हा शब्द इतका छोटा आहे की आपलं त्याच्याकडे लक्षच जात नाही. लक्ष जातं ते कधी? आपण सांगितल्या जागी जातो आणि तिथे काहीच नसतं तेव्हा.

अशा दुव्यांसाठी आयुष्याची पंचवीसेक वर्षे खर्च केलेल्या एका माणसाचं चरित्र आज पाहू. त्यांचे नाव देनी दिदरो. फ्रान्समधल्या ज्ञानोदयाच्या काळातले ते मोठे लेखक आणि विचारवंत. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधी व्हॉल्टेअर, रूसो, माँतेस्क्यू यांची नावे येतात, त्याच पंगतीतले हे नाव. पण इथे आपण त्यांच्याकडे प्रामुख्याने ‘संपादक’ म्हणून पाहणार आहोत.

बालपण आणि शिक्षण

दिदरो यांचा जन्म ५ ऑक्टोबर १७१३ रोजी पूर्व फ्रान्समधल्या लांग्र या गावी झाला. वडील सुऱ्या, कात्र्या आणि शस्त्रक्रियेची पाती बनवणारे नावाजलेले कारागीर होते. घरात कामाची शिस्त होती. हाताने काम करणाऱ्या माणसाबद्दल दिदरो यांना पुढे जन्मभर जो आदर वाटला, त्याचे मूळ या घरात असावे.

शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत झाले. मुलगा हुशार होता. तो धर्मगुरू होईल अशी घरच्यांची अपेक्षा होती. पुढे तो पॅरिसला गेला आणि १७३२ मध्ये त्याने पॅरिस विद्यापीठाची पदवी घेतली. मात्र त्यानंतर ना धर्मगुरू, ना वकील! दहा वर्षे शिकवण्या, भाषांतरे आणि मिळेल ते लिखाण करून पोट भरलं. १७४३ मध्ये वडिलांचा विरोध असताना त्यांनी आंत्वानेत शांपियों हिच्याशी लग्न केलं. हे लग्न होऊ नये म्हणून वडिलांनी त्यांना एका मठात डांबून ठेवलं होतं आणि ते तिथून पळून आले होते.

या हलाखीच्या काळाने त्यांना एक गोष्ट दिली, ती म्हणजे इंग्रजी भाषा. इंग्रजीतून फ्रेंचमध्ये त्यांनी ग्रीसचा इतिहास आणला, वैद्यकाचा एक भला मोठा कोशही आणला. पुढचे मोठे काम त्यांच्याकडे आले ते याच वाटेने.

कोशाचे काम कसे आले?

१७२८ मध्ये लंडनमध्ये इफ्राइम चेंबर्स यांचा दोन खंडांचा ‘सायक्लोपीडिया’ प्रसिद्ध झाला होता. त्यात माहिती वर्णमालेच्या क्रमाने लावलेली होती. वर्णमालेचा क्रम शोधायला फार सोपा, पण त्याचा एक तोटा असतो. एकाच विषयाचे तुकडे होऊन ते लांब लांब जाऊन पडतात. मराठीतलेच उदाहरण घेऊ. ‘कापूस’ एका खंडात, ‘चरखा’ दुसऱ्यात, ‘सूत’ आणखी तिसऱ्यात! वाचकाला या तिन्हींचे नाते कसे कळणार? चेंबर्स यांनी यावर उपाय केला तो दुव्यांचा. एका नोंदीतून दुसरीकडे बोट दाखवायचे, म्हणजे तुकडे पुन्हा जोडले जातात.

पॅरिसमधील आंद्रे ल ब्रेतों या प्रकाशकाला या कोशाचे फ्रेंच भाषांतर काढायचे होते. सुरुवातीचे प्रयत्न फसले. १७४७ मध्ये हे काम दिदरो आणि गणितज्ञ दालांबेर या दोघांकडे आले. दिदरो यांनी नुसते भाषांतर करायचे सोडून नवा कोशच उभारायचे ठरवले. त्यात विज्ञान, तत्त्वज्ञान, कला यांच्याबरोबरच सुतार, लोहार, विणकर, छपाई कामगार यांची कामे आणि अवजारेही येणार होती. त्यासाठी दिदरो स्वतः कारखान्यांत गेले, कारागिरांना प्रश्न विचारले, यंत्रे बारकाईने समजून घेतली. वडिलांच्या दुकानात लहानपणी पाहिलेलं इथे उपयोगी पडलं असणार.

काम सुरू होते न होते तोच संकट आले. १७४९ मध्ये अंध व्यक्तींचे ज्ञान आणि श्रद्धा या विषयावरच्या एका पुस्तकामुळे त्यांना अटक झाली. पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या किल्ल्यात ते सुमारे तीन महिने कैदेत होते. प्रकाशकांनी खटपटी केल्या, कारण संपादकच तुरुंगात असेल तर कोश पुढे जाणार कसा? नोव्हेंबरमध्ये ते सुटले आणि पुन्हा कामाला लागले. पहिला खंड १७५१ मध्ये प्रसिद्ध झाला. हाच तो जगप्रसिद्ध फ्रेंच ज्ञानकोश, ‘आन्सिक्लोपेदी’.

दुव्यांचे महत्त्व

१७५५ च्या पाचव्या खंडात दिदरो यांनी ‘ज्ञानकोश’ याच शब्दावर एक लांबलचक लेख लिहिला. ज्ञानकोश कसा करावा आणि त्यात कुठे चुका होतात, हे त्यात मोकळेपणाने सांगितले आहे. आपल्या कोशातले दोषही त्यांनी झाकले नाहीत. या लेखात दुव्यांना त्यांनी फार वरचे स्थान दिले आणि त्यांचे प्रकार पाडले. सोप्या भाषेत ते असे :

१) शब्दांचे दुवे : अवघड शब्दाचा अर्थ एकदाच एका ठिकाणी द्यायचा आणि बाकी सगळीकडून तिथे पाठवायचे. पुन्हा पुन्हा तेच लिहावे लागत नाही.

२) विषयांचे दुवे : एका विषयाचा दुसऱ्याशी असलेला संबंध दाखवायचा. कधी एका नोंदीतल्या मताच्या विरुद्ध मत जिथे आहे तिथे वाचकाला पाठवायचे, म्हणजे तो दोन्ही बाजू तपासेल.

३) नवी वाट दाखवणारे दुवे : दोन लांबच्या शास्त्रांना जोडायचे, म्हणजे एखाद्या हुशार वाचकाला त्यातून नवी कल्पना सुचेल.

४) चिमटा काढणारे दुवे : एका नोंदीत गंभीर स्तुती करायची आणि दुवा अशा ठिकाणी द्यायचा की तिथे गेल्यावर वाचकाला हसू यावे. फ्रान्सिस्कन साधूंवरच्या नोंदीत त्यांचे कौतुक आहे. तिथला दुवा ‘टोपडे’ या नोंदीकडे नेतो आणि तिथे याच साधूंमध्ये टोपड्याच्या आकारावरून किती वर्षे भांडण चालले होते ते वाचायला मिळते.

त्या काळी छापण्याआधी सरकारी तपासनीस मजकूर वाचत. उघड टीका केली तर पुस्तक बंद! त्यामुळे जे एका जागी लिहिता येत नव्हते ते दोन जागी वाटून लिहिले जाई आणि त्यांना जोडायला दुवा असे. म्हणजे या कोशात दुवा तुटला तर कधी कधी अर्थच तुटत होता.

दुवे का तुटत होते?

आता मुख्य अडचणीकडे येऊ. कोश एकदम छापला गेला नाही. वर्णमालेच्या क्रमाने एकेक खंड निघत गेला. पहिला खंड १७५१ चा आणि मजकुराचा शेवटचा, सतरावा खंड १७६५ चा. पहिल्या खंडात ‘ए’ अक्षराच्या नोंदीत जर ‘झेड’ अक्षराची नोंद पाहा असे लिहिले, तर वाचकाने थांबायचे किती? चौदा वर्षे! आणि दुवा देताना ती पुढची नोंद अजून लिहिलेलीच नसे. ती कोण लिहिणार, किती लिहिणार, हेही अनेकदा ठरलेले नसे.

लेखक शंभराहून जास्त होते. प्रत्येकाची पद्धत वेगळी. एकाला वाटायचं हा मुद्दा दुसरा घेईल, दुसऱ्याला वाटायचं पहिल्याने घेतलाच असेल. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवणार आणि मुद्दा मधल्यामध्ये पडून जाणार. शाळेत गॅदरिंगची कामे वाटताना आपणही हा अनुभव घेतोच. शिवाय तेव्हा फ्रेंच शब्दांचे स्पेलिंग पक्के ठरलेले नव्हते. दुव्यात एक स्पेलिंग आणि नोंदीला दुसरे, असेही होई.

थोडक्यात, दुवा चार कारणांनी तुटतो. पुढची नोंद कधी लिहिलीच गेली नाही. लिहिली गेली, पण नाव बदलले. मजकूर दुसऱ्या जागी हलवला. किंवा मजकूर नंतर कापून टाकला. ही चार कारणे लक्षात ठेवा, कारण शेवटी ती आपल्याला पुन्हा लागणार आहेत.

बंदी आणि अर्धवट राहिलेला कोश

१७५२ मध्ये पहिल्या दोन खंडांवर बंदी आली. पुस्तक व्यवहाराचे प्रमुख अधिकारी मालझेर्ब हे मात्र मनाने या कामाच्या बाजूचे होते. जप्तीचा हुकूम निघणार हे कळल्यावर त्यांनी हस्तलिखिते स्वतःच्याच घरी लपवून ठेवली, असे दिदरो यांच्या मुलीने लिहून ठेवले आहे. काही काळाने काम परत सुरू झाले.

सातवा खंड १७५७ मध्ये निघाला. तो ‘जी’ या अक्षरापर्यंत पोचला होता. त्यातल्या जिनिव्हा शहरावरच्या नोंदीवरून मोठा गदारोळ झाला. दालांबेर कंटाळून बाजूला झाले. १७५९ मध्ये राजसत्तेने छापण्याचा परवाना काढून घेतला आणि त्याच वर्षी पोपनेही कोशाचा निषेध केला.

आता त्या वर्गणीदारांची स्थिती डोळ्यांसमोर आणा. कोशाला सुमारे चार हजार वर्गणीदार होते. त्यांच्या कपाटात सात जाड खंड. त्यात जागोजागी दुवे, आणि ‘जी’ च्या पुढच्या अक्षराकडे जाणारा प्रत्येक दुवा हवेत लटकलेला. पुढचे खंड येणार की नाही कोणालाच माहीत नाही.

दिदरो यांना परदेशात जाऊन काम पूर्ण करण्याचे सल्ले मिळाले. ते गेले नाहीत. पॅरिसमध्येच राहून त्यांनी गुपचूप काम चालू ठेवले. या काळात त्यांना खरा आधार मिळाला तो लुई द झोकूर यांचा. हे सरदार घराण्यातले, शांत स्वभावाचे, प्रचंड कष्टाळू गृहस्थ. मदतनीस हाताशी घेऊन ते दिवसेंदिवस लिहीत राहिले. कोशातल्या सुमारे ७२,००० नोंदींपैकी जवळजवळ १७,००० नोंदी एकट्या झोकूर यांच्या आहेत. लोकांच्या तोंडी दिदरो यांचे नाव राहिले, पण लटकलेले कितीतरी दुवे जमिनीवर आणले ते झोकूर यांनी. आपल्या प्रत्येक शाळेत असा एखादा झोकूर असतो, बरोबर ना?

सगळ्यात मोठा घाव

उरलेले दहा खंड एकदमच प्रसिद्ध करायचे ठरले होते. छपाई जवळजवळ संपत आली होती. १७६४ मध्ये एके दिवशी दिदरो यांनी ‘एस’ अक्षरातली एक नोंद पाहण्यासाठी छापलेले पान उघडले आणि ते हादरले. त्यांनी तपासून मंजूर केलेला मजकूर तिथे नव्हता! आणखी पाने चाळली. ठिकठिकाणी वाक्ये आणि परिच्छेद गायब.

हे सरकारी तपासनिसाचे काम नव्हते. प्रकाशक ल ब्रेतों यानेच घाबरून हा उद्योग केला होता. दिदरो शेवटचे प्रूफ तपासून सही करत. त्यानंतर रात्री छापखान्यात तो आणि त्याचा हाताखालचा माणूस धोक्याचा वाटणारा मजकूर कापून टाकत. वर मूळ हस्तलिखितेही नष्ट केली होती. म्हणजे दुरुस्ती करायची म्हटली तरी कशावरून करणार?

दिदरो यांना रडू आवरलं नाही. त्यांनी ल ब्रेतोंला एक अत्यंत कडक पत्र लिहिले. वीस वर्षांच्या जवळपास झिजून जे उभे केले, ते आपल्याच माणसाने आतून पोखरले होते. कापलेल्या भागाकडे निर्देश करणारे दुवे आता कुठे जाणार? आणि नेमके काय काय कापले आहे याची यादीही हाताशी नव्हती.

काम सोडून देण्याचा विचार त्यांच्या मनात आला. पण इतर भागीदार प्रकाशक, वर्गणीदार, शेकडो कामगार आणि लेखक यांचे काय? ते पुढे गेले. १७६५ च्या अखेरीपासून उरलेले दहा खंड बाहेर आले. पॅरिसचे नाव न टाकता त्यांच्यावर स्वित्झर्लंडमधल्या नशातेल गावाचे नाव छापले होते. चित्रांच्या पानांचे अकरा खंड १७७२ पर्यंत पूर्ण झाले. एकूण २८ खंड! सुरुवात केली तेव्हा दिदरो चौतीस वर्षांचे होते. काम संपलं तेव्हा साठीला टेकले होते.

अखेरची वर्षे

एवढे करून हाती पैसा फारसा राहिला नाही. मुलीच्या लग्नासाठी पैसे हवेत म्हणून त्यांनी स्वतःचा ग्रंथसंग्रह विकायला काढला. १७६५ मध्ये रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिने तो १५,००० लिव्हर देऊन विकत घेतला. पण पुस्तके त्यांच्याकडेच राहू दिली आणि त्यांनाच ग्रंथपाल नेमून वार्षिक पगार सुरू केला. तिचे आभार मानायला १७७३ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला गेले. ३१ जुलै १७८४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कित्येक उत्तम पुस्तकांची छपाई त्यांच्या मृत्यूनंतर झाली.

त्यांच्यानंतर दुव्यांचे काय झाले?

दुव्यांचे काम दिदरो यांच्याबरोबर थांबले नाही. पिएर मूशों नावाच्या स्वित्झर्लंडमधल्या एका धर्मोपदेशकाने संपूर्ण कोश वाचून त्याची विषयवार सूची तयार केली. ती १७८० मध्ये दोन खंडांत निघाली. एका विषयाची माहिती कोणत्या खंडात, कोणत्या पानावर विखुरली आहे, हे आता एका जागी सापडू लागले. मूळ दुवा चुकला असेल तरी वाचकाला दुसरा रस्ता मिळाला.

ल ब्रेतोंने कापलेल्या मजकुराची बरीच प्रूफपाने एका वेगळ्या खंडात बांधून ठेवलेली होती. ती विसाव्या शतकात सापडली आणि १९४७ मध्ये अमेरिकेत त्यावर पुस्तक निघाले. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी हे भाग वाचकांपुढे आले.

पुढे शिकागो विद्यापीठातल्या एका प्रकल्पाने हा संपूर्ण कोश संगणकावर आणला. त्यातल्या दुव्यांची संख्या साठ हजारांच्या घरात भरते. संगणकाने ते जोडायला घेतल्यावर जुनी दुखणी वर आली. काहींचे स्पेलिंग जुळेना, काहींची नोंदच कोशात नाही. जे दिदरो यांना छापील पानावर छळत होते, तेच आता पडद्यावर दिसू लागले.

आजच्या संगणकात तोच प्रश्न

आपण मोबाईलमध्ये जी सॉफ्टवेअर वापरतो, त्यांची माहितीपुस्तिका असते. ती अनेक जण मिळून लिहितात, सतत बदलतात आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर हजारो दुवे देतात. वरची चार कारणे इथे जशीच्या तशी लागू पडतात. पान लिहायचे राहिले, शीर्षक बदलले, मजकूर हलवला, भाग काढून टाकला. मग ‘पान सापडले नाही’ असा संदेश येतो.

पायथॉन या संगणकभाषेच्या माहितीपुस्तिकेसाठी ‘स्फिंक्स’ नावाचे साधन तयार झाले. त्यात दुवा पानाच्या जागेला न बांधता त्या भागाला दिलेल्या कायमच्या खुणेला बांधता येतो. मजकूर दुसरीकडे हलवला तरी खूण त्याच्याबरोबर जाते. खूण सापडली नाही तर पुस्तिका तयार होतानाच इशारा मिळतो. बाहेरच्या लिंका चालू आहेत की नाहीत, हेही तपासता येते.

पण इशारा आल्यावर पुढे काय करायचे, ते माणसालाच ठरवावे लागते. सगळ्यात सोपे म्हणजे तुटलेली लिंक पुसून टाकणे. इशारा गेला, पण वाचकाची गरज तशीच राहिली. योग्य पद्धत अशी : हा दुवा मुळात कशासाठी दिला होता ते आधी वाचायचे. मजकूर हलला असेल तर नवी जागा द्यायची आणि जुन्या जागी नव्या जागेची पाटी ठेवायची. नाव बदलले असेल तर जिथे जिथे जुने नाव आहे तिथे सगळीकडे बदलायचे. नोंद लिहिलीच नसेल तर लिहायची किंवा कोणाकडे तरी नक्की सोपवायची. आणि काही कापायचे असेल तर आधी मूळ प्रत जपून ठेवायची.

आपण वर्गात काय करू शकतो?

इयत्ता चौथी-पाचवीपासून पुढे हा उपक्रम सहज घेता येईल.

• मुलांच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीला पाठ्यपुस्तकातील एक प्रकरण द्या. त्यातले ‘पहा’, ‘आकृती क्रमांक’, ‘मागील पाठ’ असे सर्व दुवे शोधून वहीत यादी करायला सांगा.

• प्रत्येक दुव्याच्या जागी प्रत्यक्ष जाऊन पाहायचे. सापडले तर बरोबरची खूण. नाही सापडले तर चार कारणांपैकी कोणते, ते लिहायचे.

• क्यूआर कोड असतील तर शिक्षकांनी किंवा पालकांनी आपल्या मोबाईलवर मुलांसमोर तपासावेत.

• शेवटी वर्गाचा छोटा कोश करा. विषय ‘आपलं गाव’. एक मूल ‘विहीर’ लिहील, दुसरे ‘नदी’, तिसरे ‘बाजार’. प्रत्येक नोंदीत किमान दोन दुवे हवेत. मग एक नोंद मुद्दाम काढून घ्या आणि कोणाकोणाचे दुवे तुटले ते मुलांनाच शोधू द्या.

पालकांनीही घरी पाहावे. मूल प्रकल्पाच्या वहीत कुठून तरी उतरवून ‘अधिक माहितीसाठी पहा’ असे लिहिते. तिथे स्वतः जाऊन पाहिलंस का, एवढंच विचारा.

दिदरो यांच्या चरित्रातून धैर्य, चिकाटी, ज्ञानाची ओढ असे गुण सांगता येतात आणि ते खरेच आहेत. पण मला मुलांना सांगावीशी वाटते ती याहून साधी गोष्ट. ‘पहा’ असे लिहिणे म्हणजे वाचकाला शब्द देणे. तुरुंग, बंदी आणि आपल्याच प्रकाशकाने केलेला घात सोसूनही या माणसाने सात खंडांवर लटकलेले दुवे तसेच सोडले नाहीत. काही तुटलेले राहिले, ते झोकूर, मूशों आणि पुढच्या लोकांनी सांधले. ज्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत असे कितीतरी जण आजही कुठल्या ना कुठल्या पुस्तिकेतली एकेक तुटलेली लिंक जोडत बसलेले असतात.

आपण फळ्यावर किंवा वहीत पुढच्या वेळी ‘पहा’ लिहू, तेव्हा आधी स्वतः तिथे जाऊन पाहूया.

उपक्रम घेतलात तर मुलांना काय सापडले ते जरूर कळवा.